शिकता शिकता कमवायचं असेल तर हे आधी वाचा

बारावी करून शहरात शिकायला आलाय आणि दर महिन्याला घरी पैसे मागायला मन होत नाही, अशा पोरापोरींसाठी लिहितोय. ॲडमिशन झाल्या झाल्या कॉलेजात 'कमवा व शिका' योजना, म्हणजे कॉलेजातच काही तास काम करून त्याचे पैसे मिळतात ती, आहे का ते विचारा. नोटिशीची वाट बघत बसू नका, कागद कुठंतरी कोपऱ्यात लागतो आणि तारीख निघून जाते. विद्यार्थी विकास अधिकारी कोण सर किंवा मॅडम आहेत ते शोधा आणि थेट जाऊन भेटा. फीची पावती, मार्कशीट, पासबुकची झेरॉक्स जवळ ठेवा, उत्पन्नाचा दाखला मात्र गावाहून निघतानाच काढून आणा, नंतर त्याच्यासाठी परत जायचं म्हणजे गाडीभाडं आणि लेक्चर दोन्ही जातं.

काम लायब्ररीत, ऑफिसात, लॅबमध्ये किंवा बागेत मिळतं. लायब्ररी सगळ्यांनाच हवी असते, पण बाग मिळाली तर तोंड वाकडं करू नका राव. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला ती साताऱ्याला आणली, तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायची, शेतात राबायची आणि मग अभ्यासाला बसायची. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हे माहीत असताना हातात खुरपं धरायची लाज कसली? वर्गातलं कुणी बघेल ही भीती पहिला आठवडाभर असते, नंतर कुणी बघतही नाही.

आता पैशाचं. हजेरीवर सही रोजच्या रोज करा आणि तास स्वतःच्या वहीतही लिहा, बिल बनताना घोळ झाला तर तीच वही कामाला येते. न केलेल्या तासाची सही करू नका, सोबतचे सगळे करत असले तरी नाही, इथं मी अजिबात ऐकून घेणार नाही. पैसे खात्यावर यायला उशीर होऊ शकतो, त्यामुळे मेसचं बिल त्याच्या भरवशावर ठेवू नका, सुरुवातीला एका महिन्याचे पैसे बाजूला असू द्या.

मधेच कंटाळा येतो, सबमिशन आणि काम एकदम अंगावर येतं तेव्हा तर सोडूनच द्यावंसं वाटतं. तेव्हा काम सोडू नका, तास कमी करून मागा, आणि परीक्षेचं टाइमटेबल लागलं की त्याच दिवशी सांगा, न सांगता दांडी मारली की पुढच्या टर्मला तुमचं नाव घेताना सर-मॅडम विचार करतात.