घर्षणाची उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

घर्षणाचे उदाहरण समोर आले की बहुतेक विद्यार्थी 'म्यू एन' (घर्षणांक म्यू गुणिले अभिलंब बल एन, म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने ढकलतो ते बल) लिहून मोकळे होतात आणि पुढची सारी आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर चुकते. म्यू एन ही स्थितिक घर्षणाची, म्हणजे वस्तू घसरत नसतानाच्या घर्षणाची, कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत घर्षण गरजेपुरतेच असते.

समजा, आडव्या फरशीवर १० किलोग्रॅमची पेटी आहे, स्थितिक घर्षणांक ०.४ व गतिज (घसरताना लागू होणारा) घर्षणांक ०.३ आहे, आणि गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले आहे. पेटी २५ न्यूटन बलाने आडवी ढकलली, तर घर्षण किती? ०.४ गुणिले १०० करून ४० न्यूटन असे लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून पाहावे, कारण मग उलट दिशेने १५ न्यूटन बल शिल्लक राहते आणि पेटी ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून येते! खरे उत्तर २५ न्यूटन आहे. म्हणून आधी मर्यादा काढावी, लावलेले बल तिच्याशी ताडून पाहावे, आणि ते जास्त भरले तरच गतिज घर्षणांक वापरावा.

एनच्या जागी डोळे झाकून 'एमजी' (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण, म्हणजे वजन) लिहिणे हीही तितकीच महागात पडणारी चूक आहे. हीच पेटी दोरीने, क्षितिजाशी ३७ अंशांचा कोन करून, ५० न्यूटन बलाने वर ओढली, तर बलाचा सुमारे ३० न्यूटनचा उभा घटक पेटीचा काही भार पेलतो. अभिलंब बल ७० न्यूटन उरते आणि मर्यादा २८ न्यूटनवर येते. आडवा घटक ४० न्यूटन असल्याने पेटी सरकते, गतिज घर्षण २१ न्यूटन होते आणि त्वरण १.९ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळते. एन १०० धरणाऱ्याची मर्यादा मात्र नेमकी ४० येते आणि पेटी जागची हलत नाही, असे तो लिहून बसतो. पेटी एकटी काढून तिच्यावरील प्रत्येक बलाचा बाण दाखवावा आणि प्रत्येक बाणाला 'हे बल कोण लावते?' असे विचारावे.

वर्तुळाकार गतीत अभिकेंद्री बलाचा वेगळा बाण काढणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, कारण ताण, घर्षण, गुरुत्व, अभिलंब बल यांच्या केंद्राकडील बेरजेलाच ते नाव आहे. जमिनीवरून पाहत असाल, तर अपकेंद्री (केंद्रापासून बाहेर ढकलणारे भासणारे) बलही आकृतीत नको. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने (हे रूपांतर विसरू नये) जाणाऱ्या १००० किलोग्रॅमच्या गाडीला २००० न्यूटन बल लागते, आणि घर्षणांक ०.५ असल्यास मर्यादा ५००० असली तरी वळवणारे घर्षण २००० न्यूटनच असते. टायर घसरत नाही तोवर हे घर्षण स्थितिकच असते.

जत्रेतल्या मौत का कुआमध्ये उभ्या भिंतीवर फिरणारी मोटारसायकल पाहा. तिथे अभिलंब बल आडवे, केंद्राकडे असते आणि घर्षण वर असते. दुचाकी व स्वार मिळून २०० किलोग्रॅम, त्रिज्या ५ मीटर आणि वेग सेकंदाला १५ मीटर असेल, तर अभिलंब बल ९००० न्यूटन होते, घर्षणांक ०.५ धरला तर मर्यादा ४५०० येते, पण ठरावीक उंचीवर फिरणाऱ्या स्वाराला पेलणारे घर्षण त्यांच्या वजनाइतके, म्हणजे २००० न्यूटनच असते.