स्विमिंग पूलसाठी कंट्रोल पॅनल घेताय? आधी आपल्याकडची लाईट बघा

संभाजीनगर, लातूर, नांदेड, जिकडं बघावं तिकडं फार्महाऊसला नायतर कृषी पर्यटनाला पूल बांधायलेत लोक. टाइल्स कोणत्या, धबधबा कुठं, लाईट निळे का पांढरे यावर महिनाभर चर्चा चालती, अन पॅनलचा, म्हणजे पंप अन लाईट चालू-बंद करणाऱ्या, सांभाळणाऱ्या डब्याचा विषय निघाला की "ते ठेकेदार बघून घेईल". ठेकेदार तयार मिळतो तो आणून लटकवतो, आणि तो पॅनल बनवणाऱ्यानं तीनही फेज सरळ येतेत, व्होल्टेज जागेवर असतं असं धरलेलं असतं. आपल्याकडं काय परिस्थिती आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

पहिलं पंपाच्या नेमप्लेटवरचा अँपिअरचा आकडा लिहून घ्या. २० बाय १० फुटाचा, ४ फूट खोल पूल म्हणजे साधारण २२-२३ हजार लिटर पाणी, ते ६ तासात एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर तासाला ४ हजार लिटर पण लागत नाय, अर्ध्या-पाऊण एचपीचा सिंगल फेज पंप आरामात पुरतो. रिसॉर्टच्या मोठ्या पूलला २-३ एचपी थ्री फेज. पॅनल त्याच पंपापुरता घ्या. "पुढं कामाला येईल" म्हणून ५ एचपीचा घेणारे लई आहेत, पण त्यातल्या ओव्हरलोड रिलेची (मोटार जास्त करंट ओढायली की ती बंद करणारा भाग) चकती छोट्या पंपाच्या अँपिअरपर्यंत खाली येतच नाय, म्हणजे मोटार जळून जाईल तरी रिले ट्रिप होणार नाय. पॅनल आला की दार उघडून ती चकती बघाच. प्लेटवर ३.५ अँपिअर असेल तर चकती ३.५ वर पाहिजे, बरेच जण तक्रार नको म्हणून ती शेवटच्या आकड्यावर फिरवून देतेत.

थ्री फेज असेल तर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरशिवाय, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, पॅनल घेऊच नका. एक फेज गेला तरी चालू मोटार बंद होत नाय, उरलेल्या दोनवर गुरगुरत ओढत राहती अन वायंडिंग जळतं, बोअरवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको. प्रिव्हेंटर असा बघा की जो फेज उलटा झाला तरी थांबवतो, कारण डीपी जळून नवीन बसवली की कधी कधी फेज बदलून येतेत, पंप उलटा फिरतो, प्रेशर पडतं आणि लोक फिल्टर उघडून बसतेत. कमी-जास्त व्होल्टेजचा कट सोबत असेल तर उत्तमच. आणि कंडेन्सर टाकून दोन फेजवर पंप चालवायचा जुगाड इथं नको. शेतीच्या मीटरवर तर पूल जोडूच नका, वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये ते अनधिकृत वापरात बसतं अन बिल मजबूत येतं.

टायमरकडं कुणी लक्ष देत नाय. साधा चकतीवाला टायमर लाईट गेली की तिथंच थांबतो, रोज दोन तास लाईट गेली तर पाच दिवसात दहा तास मागं, सकाळी ९ चा पंप संध्याकाळी ७ ला सुरू होतो. म्हणून आत बॅटरी असलेलाच मागा. लाईट आल्या आल्या पंप लगेच उचलू नये, मिनिट-दोन मिनिटं थांबून उचलावा, तेवढ्यात व्होल्टेज जागेवर येतं. ड्राय रन कट पण पाहिजे, मे महिन्यात पाणी उडून लेव्हल खाली गेली की स्किमर (पूलच्या भिंतीतलं वरचं पाणी ओढणारं तोंड) हवा ओढतो आणि कोरड्या पंपाचं सील जळतं. क्लोरीन-ॲसिड थोडं थोडं पाण्यात सोडणारे डोसिंग पंप असतील तर ते फिल्टर पंप चालू असतानाच चालतील असं इंटरलॉक करून घ्या, नायतर पाणी थांबलेल्या पाइपात दोन्ही एकत्र येऊन विषारी वायू तयार होतो.

आता जिवाचा विषय, इथं पैसे वाचवू नका. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच लाईट तोडणारा स्विच, हवीच. एमसीबी शॉर्ट सर्किट आणि ओव्हरलोड बघती, माणसाला बसणारा शॉक तिला कळत नाय. आरसीसीबी सारखी पडायली म्हणून बायपास करणारा मिस्त्री भेटला तर त्याला गेटाबाहेर काढा, गळती कुठं आहे ते शोधायचं असतं. तिच्यावरचं टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबा. पाण्यातले लाईट १२ व्होल्टचेच, आणि ट्रान्सफॉर्मर आयसोलेटिंग सेफ्टीचा, म्हणजे मेन लाईनपासून पूर्ण वेगळा ठेवणारा. १८ वॅटचे चार लाईट म्हणजे ७२ वॅट, ट्रान्सफॉर्मर १०० व्हीएचा घ्या. वायर मात्र जाड लागती. १२ व्होल्टवर ६ अँपिअर जातेत, २० मीटर लांब दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली तर जवळपास ३ व्होल्ट वायरीतच संपतेत अन लाईट मंद दिसतो, ४ स्क्वेअर टाकली तर एक व्होल्टच्या आसपास. शिडी, रेलिंग, स्लॅबचं लोखंड सगळं एकत्र जोडून अर्थिंगला घ्या.

पॅनल पाण्याच्या काठापासून साडेतीन मीटरच्या बाहेर बसवा. आणि क्लोरीनच्या बादल्या ठेवता त्या खोलीत तर बिलकुल नाय, तिथली वाफ तांबं खाती, कॉन्टॅक्टर (पंप चालू-बंद करणारा आतला स्विच) हिरवा पडतो. पत्र्यापेक्षा पॉलीकार्बोनेटचा आयपी ६५, म्हणजे धूळ अन पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा, बॉक्स बरा, केबल खालून ग्लँडमधून आत, राहिलेली भोकं बंद, म्हणजे पाली-मुंग्या आत जात नायत. उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका. एमसीबीचं रेटिंग ३० डिग्रीवर धरलेलं असतं, आपल्याकडं सावलीत ४२, बंद बॉक्सात त्याहून किती तरी जास्त, मग बिनकारण ट्रिप होती आणि मिस्त्री मोठी एमसीबी टाकून मोकळा होतो.

पैसे द्यायच्या आधी आतला फोटो मागवा, वायरींना नंबर आहेत का अन दाराच्या आत वायरिंगचा नकाशा चिकटवलाय का बघा. कंपनी कोणती पण असो, तोच कॉन्टॅक्टर अन तोच रिले तालुक्याच्या दुकानात मिळतो का ते फोन करून विचारा, आणि कॉन्टॅक्टरची कॉइल २३० व्होल्टची का ४१५ ची ते बिलावर लिहून घ्या, कारण मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांनी घर भरलेलं असताना पुण्याहून कुरिअर यायची वाट बघणं परवडत नाय.