तण जळालं म्हणजे तणनाशक संपलं? भाजीच्या वाफ्यात या चुका टाळा

तण जळालं, वाफा मोकळा झाला, आता मेथी टाकू. गोराई-मनोरीच्या वाड्या असोत की आरेतले पाडे, भाजीचं गणित इथेच चुकतं. मारलेलं तणनाशक तीन वाटांनी जातं: काही सूक्ष्मजीव मोडतात, काही मातीच्या कणांना चिकटून बसतं, काही पाण्याबरोबर निघून जातं. खरं संपतं ते पहिलंच.

नुसते दिवस मोजणं

अॅट्राझीन या तणनाशकाचं अर्धायुष्य ढोबळमानाने 60 दिवस धरतात. म्हणजे दोन महिन्यांनी निम्मं उरतं, चार महिन्यांनी पाव. तेही माती ओली आणि उबदार असेल तर. मुंबईत ऑक्टोबरनंतर पाऊस जवळपास थांबतो. पाणी न दिलेल्या वाफ्यात सूक्ष्मजीव मंदावतात आणि औषध उन्हाळाभर रेंगाळू शकतं.

खात्रीसाठी कुंडीतली चाचणी करा. फवारलेल्या वाफ्यात पाच-सहा ठिकाणांहून वरची 10 सेंटीमीटर माती घेऊन एकत्र करा. तुलनेसाठी न फवारलेल्या बांधाची, त्याच पोताची माती घ्या. दोन्हींच्या तीन-तीन कुंड्या भरा आणि जे पीक घ्यायचं त्याचंच बी प्रत्येकीत दहा दाणे टाका. तीन आठवडे थांबा. उगवण पाहून निर्धास्त होणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई, कारण अॅट्राझीनमध्ये बी व्यवस्थित रुजतं आणि मग खालची पानं कडेने पिवळी पडून करपतात. पेंडिमेथॅलिन हे तणनाशक मारलं असेल तर रोप उपटून मुळं पाहा; ती आखूड आणि टोकाशी फुगलेली दिसतात.

पाण्यात विरघळतं म्हणून झिरपतंच, असं धरणं

ग्लायफोसेट हे तणनाशक पाण्यात सहज विरघळतं, तरी मातीतल्या लोह-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट धरून राहतं. अॅट्राझीन त्याहून खूप कमी विरघळतं, पण मातीला धड चिकटत नाही, म्हणून विहिरीपर्यंत पोचण्याचा धोका त्याचाच जास्त. किनाऱ्यालगतच्या रेताड, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत हा धोका आणखी वाढतो. तिथे विहिरीजवळ ते वापरूच नये. चिकटून राहणारी औषधंही जागची हलत नाहीत असं नाही. पहिल्या जोरदार सरीत माती वाहिली की तिच्यासोबत तीही नाल्यात. जूनमध्ये आभाळ भरलेलं असताना फवारू नका, आणि उताराच्या कडेला गवताची पट्टी राखा.

अंदाजाने माप

लेबलवर हेक्टरी 3.3 लिटर असेल तर गुंठ्याला 33 मिली होतात. बुचाने ओतलं की छोट्या वाफ्यात दुप्पट पडायला वेळ लागत नाही, आणि वळणावर पंप चालू राहिला तर तेवढ्या पट्ट्यात पुन्हा दुप्पट. पुढच्या पिकात नेमके तेच पट्टे पिवळे दिसतात. मोजपात्र वापरा, वळताना नोझल बंद करा. 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप मात्र भाजीसाठी घेऊच नका. कितीही धुतला तरी नळीत राहिलेला अंश टोमॅटोची पानं वाकडी करायला पुरतो.