डॉसवरचा जुना हिशेब नव्या मशीनवर नेताना तारखेचं काय करायचं

जळगाव, अमळनेर, चाळीसगावकडची एखादी पतसंस्था किंवा जिनिंगवाला जुनं डॉसचं (विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टीम) मशीन पुढे करून म्हणतो, 'तारीख चुकतेय, तेवढं बघा.' नव्या माणसाने लगेच प्रोग्राम उघडू नये. चूक घड्याळाच्या चिपमध्ये, डॉसमध्ये की प्रोग्राममध्ये, हे आधी ठरवायचं. त्याहीआधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवायची आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं.

१९८४च्या आयबीएम एटीपासून घड्याळाची चिप वर्षाचे दोनच अंक सांभाळते. शतक वेगळ्या बाइटमध्ये असतं आणि तो बदलणं बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामचं, काम. तपासायला ३१-१२-१९९९ आणि २३:५९ लावा, मशीन बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा. ४ जानेवारी १९८० दिसली तर बायोसने १९०० सांगितलंय आणि ते डॉसला पचलेलं नाही, कारण डॉसची वर्षं १९८०पासून सुरू होतात. रोज सकाळी १ जानेवारी १९८० येत असेल तर बहुधा सेल संपलाय. ३८६च्या बोर्डावर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर मात्र आधी ती काढा. ती गळते आणि शेजारचे तांब्याचे ट्रॅक खाते. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोलीत तर लवकरच.

डॉसचं गणित सरळ आहे. फाइलची तारीख १६ बिटांत: वर्षाला ७, महिन्याला ४, दिवसाला ५. वर्ष १९८०पासून मोजतात, म्हणून २१०७पर्यंत चालतं. वेळेत सेकंदांना ५च बिट उरतात, त्यामुळे सेकंद दोन-दोनच्या टप्प्याने. विंडोज ९५ने फाइल बनल्याची तारीख ठेवायला नोंदीतले राखीव बाइट वापरले, जुन्यांना हात लावला नाही. म्हणून नव्याने लिहिलेली फ्लॉपी जुन्या डॉसलाही वाचता आली. आजच्या झिप फाइलमध्येही हीच मांडणी आहे.

खरी डोकेदुखी प्रोग्राममध्ये. फॉक्सप्रोत (हिशेबाच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस प्रोग्राम) 'डिस्प्ले स्ट्रक्चर' देऊन रकान्याचा प्रकार बघा. 'डेट' असेल तर डीबीएफमध्ये (तक्त्याच्या फाइलमध्ये) २००१०३३१ असं पूर्ण वर्ष साठवलेलं असतं. 'सेट सेंचुरी ऑन' केलं की दिसतं. 'कॅरेक्टर' असेल आणि आत ३१/०३/०१ असेल, तर शतक तुम्हालाच ठरवावं लागणार. क्लिपरमध्ये (त्याच डीबीएफ फाइलींवर चालणारी भाषा) 'सेट इपॉक टू १९३०' दिलं की ३० ते ९९ विसाव्या शतकात जातात, ०० ते २९ एकविसाव्या. पण त्याच तक्त्यात १९३८ साली जन्मलेला सभासद आणि २०३८ला फिटणारं कर्ज असेल तर एकच सीमा दोघांना पुरत नाही. जन्मतारीख आणि मुदत यांचे नियम वेगळे लावा. जुन्या नोंदी इपॉकने आपोआप सुधारत नाहीत, हेही लक्षात असू द्या: आधीच १९०१ म्हणून साठलेली ठेवीची मुदत १९०१च राहते. अशा नोंदी आधी गाळून काढा आणि पावतीपुस्तकाशी ताडून पाहा.

इंडेक्स (नोंदींचा क्रम लावणारी सूची) 'डीटीओसी'वर, म्हणजे ३१/०३/०१ अशा मजकुरावर, बांधलेला असेल तर क्रम दिवसाप्रमाणे लागतो. तो 'डीटीओएस'वर, म्हणजे वर्ष आधी येणाऱ्या २००१०३३१ अशा मजकुरावर, बांधा.

शेवटी नकल करतानाचा सापळा. डॉस स्थानिक वेळ लिहितं, टाइम झोन लिहीत नाही. नव्या यंत्रणेने ती वेळ यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) समजली तर साडेपाच तास वाढतात, आणि ३१ मार्चला संध्याकाळी साडेसहानंतर बंद केलेली फाइल १ एप्रिलची दिसते. लेखापरीक्षक नेमकी तीच विचारतो. म्हणून नकल करण्याआधीच जुन्या मशीनवर 'डिर'ची (फाइलींची नावं आणि तारखा दाखवणारा आदेश) यादी छापून ठेवा.