फ्रेमलेस काचेचं शॉवर एन्क्लोजर करायचंय? मग टाईल्स लावायच्या आधी हे वाचा

बाथरूमचं काम काढलं की बहुतेक घरात शॉवरभोवतीच्या काचेचा (म्हणजेच एन्क्लोजरचा) विचार सगळ्यात शेवटी होतो, टाईल्स झाल्या, नळ बसले, चला आता काचवाल्याला बोलवू. पण फ्रेमलेसमध्ये ॲल्युमिनियमची चौकट नसते, म्हणजे भिंत वाकडी असेल तर ती झाकायला काही नाही, आणि काच टफन्ड असते. टफन्ड म्हणजे काच आधी कापतात, कडा घासतात, बिजागऱ्यांची भोकं आणि खाचे पाडतात आणि मग ६०० डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यानंतर तिला ड्रिल लावला की अख्ख्या काचेचा चुरा. म्हणून माप चुकलं तर दुरुस्ती नाही, सरळ नवी काच. सगळी मेहनत आधी करायची ती यासाठी.

फ्लॅटमध्ये नेहमी दिसणारं ५ बाय ८ चं बाथरूम घेऊ. दार, मग बेसिन, मग कमोड आणि पलीकडे खिडकीखाली शॉवर. इथे सगळ्यात सुटसुटीत डिझाईन म्हणजे ५ फुटाच्या रुंदीत एक फिक्स काच आणि एक दार. आतली जागा ३ फुटांपेक्षा कमी ठेवू नका, आणि आपल्याकडे शॉवर असला तरी बादली जात नाही, आजी-आजोबा स्टुलावर बसूनच अंघोळ करतात, तर जमिनीवर खडूने रेषा आखा, स्टूल आणि बादली ठेवा आणि प्रत्यक्ष बसून बघा की कोपर कुठे लागतंय. कागदावरच्या प्लॅनमध्ये हे कळत नाही. तसंच दाराच्या मापाचा पुठ्ठा कापून फिरवून बघा, कमोडला आपटतो का, बेसिनच्या कडेला लागतो का. दार बाहेरच्या बाजूला उघडलंच पाहिजे, कारण आत कोणी घसरून पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. बाहेर उघडायला जागाच नसेल तर स्लायडिंग घ्या, हट्ट करू नका.

आता शॉवर कुठे लावायचा. त्याचा मारा थेट दाराच्या फटीवर नको, शॉवर बाजूच्या भिंतीवर घ्या. फ्रेमलेस दार पूर्ण वॉटरटाईट नसतं, पारदर्शक सील लावली तरी थोडं पाणी येणारच, त्यामुळे हे पायपिंगच्या वेळीच ठरवा. नळ असा हवा की बाहेर उभं राहून हात घालून गरम पाणी येईपर्यंत सोडता आलं पाहिजे.

ज्या भिंतीवर बिजागऱ्या येणार ती भिंत कशाची आहे ते गवंड्याला आधी विचारा. विटेची किंवा काँक्रिटची असेल तर प्रश्न नाही. नव्या बिल्डिंगमध्ये एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) असतात, त्यात स्क्रूसाठीचा साधा प्लास्टिकचा गट्टू हळूहळू सैल होतो, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) लावून घ्या. आणि प्लास्टर व्हायच्या आधी भिंतीतल्या पाईपांचे टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे भोक पाडणारा माणूस तुम्हालाच विचारणार आहे की इथे पाईप आहे का!

उतार आणि उंबरा यात मात्र अजिबात तडजोड नको. शॉवरच्या आतल्या जमिनीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, फुटाला निदान एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतार हवा, दीड सूत असला तर उत्तम. काचेखाली दोन-तीन इंचाचा ग्रॅनाईटचा उंबरा करा आणि त्याचा माथा किंचित आतल्या बाजूला झुकलेला ठेवा, म्हणजे काचेवरून ओघळलेलं पाणी आत जातं. काचेच्या रेषेत मात्र उंबरा डावीकडून उजवीकडे लेव्हलमध्येच हवा, नाहीतर दाराखालची फट एका टोकाला जास्त दिसते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून निदान २४ तास ठेवा, खालच्या मजल्यावर जाऊन बघा, मगच टाईल्स.

माप टाईल्स आणि उंबरा झाल्यावरच. रुंदी तीन ठिकाणी घ्यायची, खाली, मध्ये, वर, आणि दोन्ही भिंतींना ओळंबा लावायचा. समजा खाली ५८ इंच आलं आणि वर ५८ इंच दोन सूत, तर तेवढा तिरपेपणा फिक्स काचेच्या भिंतीकडच्या कडेला कापून घेता येतो, पण दाराची काच चौकोनी आणि काटकोनातच ठेवा. जो काच बनवून देणार त्यानेच माप घ्यावं आणि भोकांसकट ड्रॉइंगवर तुमची सही घ्यावी, माप तुम्ही दिलंत तर चुकीचा खर्चही तुमच्याच गळ्यात पडेल.

जाडी ८ की १० एमएम हा प्रश्न सगळे विचारतात. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटरला दर एमएमला अडीच किलो. २६ इंच रुंद आणि साडेसहा फूट उंच दार १० एमएममध्ये जवळजवळ ३३ किलो, ८ मध्ये २६. माझं मत, दार-फिक्स दोन्ही १० एमएम घ्या, दार वापरताना थरथरत नाही, फक्त बिजागरीचं वजन पेलायचं रेटिंग त्याच्यापेक्षा चांगलंच जास्त पाहिजे. दार भिंतीवर टांगा, फिक्स काचेवर नको, आणि फिक्स काचेला वरून भिंतीपर्यंत सपोर्ट रॉड द्या. काच सीलिंगपर्यंत नेऊ नका, वाफ बाहेर पडायला जागा हवी. साधी काच कडेने हिरवट दिसते, पांढऱ्या टाईल्स असतील तर एक्स्ट्रा क्लिअरचा नमुना मागवून टाईलवर धरून बघा.

बिजागऱ्या, हँडल वगैरे हार्डवेअर एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड) किंवा पितळेचं, मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा असं खाऱ्या हवेत राहत असाल तर ३१६ विचारा. कोटेशनमध्ये काच, हार्डवेअर, भोकं-खाचे आणि फिटिंग वेगवेगळं लिहून घ्या. अजून एक, काच लिफ्टमध्ये उभी मावते का ते आधी मोजा, नाहीतर ४० किलोची फिक्स काच जिन्याने चढवावी लागेल.

काच आली की कोपऱ्यातला टफन्डचा शिक्का बघा, कडेला टवका उडालाय का ते बोट न फिरवता नीट निरखून बघा. टवका असेल तर परत पाठवा, ही काच मधून दणकट पण कडेला नाजूक असते, त्यामुळे उभी ठेवतानाही खाली लाकूड किंवा रबर, टाईलवर थेट टेकवू द्यायची नाही. बिजागरीच्या धातूचा काचेला थेट स्पर्श नको, मध्ये गॅस्केट (मऊ पट्टी) असतंच, ते लावलंय ना बघा. फटी भरायचं सिलिकॉन न्यूट्रल (आंबट वास न येणारं) आणि अँटी-फंगल घ्या, आणि ते लावल्यावर २४ तास शॉवर बंद. बोअरवेलचं पाणी असेल तर पहिल्या दिवसापासून आत छोटा वायपर लटकवून ठेवा, अंघोळ झाली की काचेवरून फिरवायचा, क्षाराचे पांढरे डाग एकदा जुने झाले की व्हिनेगरनेही पूर्ण जात नाहीत.