परदेशातील मदतकार्यात स्वयंसेवक म्हणून जायचे असेल तर

परदेशात मोठा भूकंप झाला किंवा युद्धामुळे लाखो लोक निर्वासित झाले की अनेक तरुण-तरुणी मनापासून विचारतात, ‘मला तिथे जाऊन काही करता येईल का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर बहुतेक वेळा असे असते की आत्ता लगेच नाही, पण नेटाने तयारी केली तर दोन-तीन वर्षांत नक्की. ही दोन-तीन वर्षे कशी वापरावीत, कोणाकडे अर्ज करावा आणि कोणापासून दूर राहावे, हे पुढे सांगितले आहे.

लगेच का नाही, हे आधी समजून घ्यावे. आपत्तीनंतरच्या पहिल्या काही तासांत ढिगाऱ्याखालून माणसांना बाहेर काढतात ते मुख्यतः शेजारीपाजारीच. बाहेरून येणाऱ्याला पाणी, अन्न, निवारा आणि वाहन लागते, आणि नेमक्या याच गोष्टींची तिथे टंचाई असते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूच्या विमानतळावरील एकुलत्या एका धावपट्टीवर इतका ताण आला की काही दिवसांतच मोठ्या विमानांना तेथे उतरण्यास मनाई करावी लागली. बाहेरच्यांच्या हलगर्जीपणाची याहून कितीतरी जड किंमत हैतीने मोजली. २०१० च्या भूकंपानंतर त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील मैलापाणी नदीत मिसळले, पटकीची साथ पसरली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. म्हणून मदतीला जाणाऱ्याने ‘माझ्यामुळे कोणाचे नुकसान तर होणार नाही ना?’ हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारला पाहिजे.

या बाबतीत मराठी तरुणांपुढे एक लख्ख उदाहरण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून, चीनकडून मदतीची मागणी आल्यावर काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून. तिथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिथेच काम करत राहिले. हाताशी कौशल्य असणे, तिथल्या लोकांनी बोलावलेले असणे, मागे संस्था असणे आणि पुरेसा काळ राहण्याची तयारी असणे, या चारही अटी त्यांनी पूर्ण केल्या होत्या. आजही चांगल्या संस्था उमेदवारात याच गोष्टी पाहतात.

कौशल्य म्हणजे फक्त डॉक्टरकी, हा समज सोडून द्यावा. परिचारिका, औषधनिर्माते, स्थापत्य अभियंते, इलेक्ट्रिशियन, वाहन दुरुस्त करणारे, हिशेब ठेवणारे आणि गोदाम सांभाळणारे यांच्याशिवाय मदतीची छावणी चालत नाही. कोणती औषधे आधी संपणार, कोणत्या खोक्यांची मुदत जवळ आली आहे आणि कोणत्या लसी थंड ठेवायच्या आहेत, हे चोख सांभाळणारा भांडारपालही त्या जागी जीव वाचवत असतो. त्यामुळे तुमचे शिक्षण वाणिज्य शाखेतले असले तरी वाट बंद नाही, मात्र त्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव गाठीशी हवा.

हा अनुभव घरच्या मैदानावर मिळवावा. राष्ट्रीय सेवा योजना, भारतीय रेडक्रॉसची जिल्हा शाखा आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना यांतून प्रथमोपचार, शोध आणि बचाव यांची प्राथमिक ओळख होते. आपल्या जिल्ह्यात पुढचे प्रशिक्षण कधी आहे, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडला आलेल्या पुरांत ज्यांनी आठ-पंधरा दिवस चिखल उपसला, याद्या केल्या आणि शिधावाटपाच्या रांगा सांभाळल्या, त्यांच्या अर्जाला प्रमाणपत्रांच्या भेंडोळ्यापेक्षा जास्त वजन असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोबत ‘स्फिअर’ मानकांचा अभ्यास करावा. मदतकार्यात किमान काय मिळाले पाहिजे, हे ठरवणारी ही पुस्तिका जगभर वापरली जाते. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, घरापासून पाणवठा ५०० मीटरच्या आत, एका सामायिक शौचालयामागे २० माणसे आणि निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, असे त्यातले आकडे आहेत. ते नुसते पाठ करण्यात अर्थ नाही, त्यामागचे गणित समजले पाहिजे. एका नळामागे २५० माणसे, असे मानक आहे. नळातून मिनिटाला साडेसात लिटर पाणी येते असे धरले, तर २५० माणसांना प्रत्येकी १५ लिटर देण्यासाठी तो नळ दिवसाला आठ तासांहून थोडा जास्त वेळ चालू ठेवावा लागतो. धार निम्मी झाली की वेळ दुप्पट होतो, आणि रांगेत उभ्या असलेल्या बायकामुलींना अंधार पडल्यावर पाणी घेऊन परतावे लागते. एप्रिल-मे महिन्यात माण-खटावमध्ये किंवा मराठवाड्यात जिथे टँकर येतो अशा गावात एक दिवस थांबून एक हंडा भरायला किती वेळ लागतो, माणशी किती लिटर पाणी मिळते आणि रांगेत मागे कोण राहते, याची वहीत नोंद करून पाहावी. छावणीत अशीच पाहणी करावी लागते आणि ती नजर इथेच तयार होते.

भाषेकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. इंग्रजी आवश्यकच आहे, पण आफ्रिकेतील अनेक देशांत फ्रेंचवाचून अडते, तर पश्चिम आशियात अरबीवाचून. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकवणारी आलियाँस फ्राँसेज ही संस्था आहे आणि पुण्यातच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषांचे वर्ग चालतात. पदवीचे शिक्षण चालू असतानाच सुरुवात केली, तर पदवी हाती येईपर्यंत कामापुरते फ्रेंच सहज येऊ शकते.

आता अर्ज कोणाकडे करावा ते पाहू. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, १९७० मध्ये स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. त्यात १८ ते २६ वयोगटासाठी तरुण स्वयंसेवकांची स्वतंत्र श्रेणी आहे, तर २७ वर्षांपुढील अनुभवी उमेदवारांसाठी वेगळी. निवड झालेल्यांना निर्वाहभत्ता आणि विमा मिळतो. यूएनव्ही अर्जासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, त्यामुळे त्याच्या नावाने पैसे मागणारा माणूस ठग आहे, असे खुशाल समजावे. परदेशी जाणे लगेच शक्य नसेल, तर याच कार्यक्रमातून घरबसल्या ऑनलाइन स्वयंसेवाही करता येते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’, म्हणजे एमएसएफ, ही १९७१ पासून काम करणारी संस्था वैद्यकीय आणि बिगरवैद्यकीय अशा दोन्ही जागा भरते, पण साधारणतः दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागते. रेडक्रॉसची रीत वेगळी आहे. तिथे आपल्या देशाच्या सोसायटीतून काम करतच पुढे जावे लागते. मदतसंस्थांच्या जागांच्या जाहिराती एकत्र पाहायच्या असतील, तर संयुक्त राष्ट्रांचे ‘रिलीफवेब’ हे संकेतस्थळ नियमित चाळावे.

काही कंपन्या मोठी रक्कम घेऊन ‘दोन आठवडे सेवा आणि शेवटी सहल’ असा कार्यक्रम विकतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. कोणतीही संस्था निवडण्यापूर्वी तिला लेखी विचारावे की स्थानिक सरकारकडे तिची नोंदणी आहे का, हे काम करायला स्थानिक माणूस का मिळत नाही, माझ्यावर देखरेख कोण करणार आणि प्रकृती बिघडल्यास मला परत कोण आणणार. उत्तरे गुळमुळीत आली, तर तिथेच थांबावे. परदेशी अनाथालयात मुलांना सांभाळण्याचे काम तर कितीही आग्रह झाला तरी घेऊ नये. नेपाळमधील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले आहे. पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशासाठी मुले घरापासून तोडून आणली जातात, आणि दर पंधरवड्याला नव्या माणसाचा लळा लागून तो तुटण्याचे दुःख त्या लेकरांच्या वाट्याला येते. हे थांबायला हवे, आणि तिथे न जाणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

निवड झाल्यावर कागदपत्रांना लागावे. व्हिसा संस्थेच्या पत्रावर, कामाच्या योग्य प्रकारातलाच घ्यावा, कारण पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करणे अनेक देशांत बेकायदा आहे. पासपोर्टवर ईसीआर शिक्का, म्हणजे काही देशांत कामासाठी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते अशी नोंद, असेल, तर सुदान, येमेन, जॉर्डन यांसारख्या देशांत कामासाठी जाताना आडकाठी येऊ शकते, म्हणून दहावीच्या प्रमाणपत्राच्या आधारे तो आधीच हटवून घ्यावा. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि तिचे पिवळे कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे. ते नसल्यास परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. तिथे पोहोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवावे. घरच्यांना संस्थेचा चोवीस तास चालणारा संपर्क क्रमांक लिहून द्यावा आणि धोका कोणता आहे, हेही न लपवता सांगावे. २०२४ मध्ये जगभरात ३८० हून अधिक मदतकर्मी मारले गेले आणि त्यातले बहुतेक स्थानिक होते. आईवडिलांना हे बातम्यांतून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेले बरे.

प्रत्यक्ष कामावर असताना वरिष्ठांच्या सुरक्षासूचना मोडू नयेत, संमतीवाचून कोणाचे, विशेषतः मुलांचे, छायाचित्र काढू नये आणि संघर्षातील कोणत्याही बाजूविषयी समाजमाध्यमांवर लिहू नये, कारण एकाच्या मजकुरामुळे संपूर्ण पथकाच्या तटस्थतेवर संशय येतो. एखाद्या सहकाऱ्याने मदतीच्या बदल्यात कोणाचे शोषण केल्याचे दिसले, तर संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडे त्याच दिवशी कळवावे. दुःख ऐकून स्वतःची झोप उडाली, तर तेही वरिष्ठांना सांगावे आणि सुट्टी मागून घ्यावी.

परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला, तर अंगावर काढू नये. कोणत्या देशात, कोणत्या भागात आणि किती दिवस होतो, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगून हिवतापाची रक्ततपासणी करून घ्यावी.