केस वेगळे, टाळू वेगळी: निगा राखताना या चुका टाळा

डोक्यावर जो केस दिसतो तो मृत असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा. जिवंत भाग त्वचेखाली, मुळाशी. टाळू मात्र जिवंत त्वचा आहे, तिला घाम येतो, तेल सुटते, तिला स्वच्छता लागते. केसाला लागतो तो जपून वापर, कारण एकदा टोकाला फाटा फुटला की तो कायमचा सांधत नाही, कापावाच लागतो. या दोघांना एकच समजल्यामुळे बहुतेक चुका होतात.

सगळ्यात जास्त घोळ कोंड्यात. पांढरे कण पडू लागले की टाळू कोरडी पडली असे वाटते आणि तेल चोळले जाते. खरा कोंडा बहुधा तेलकट टाळूवरच होतो. मॅलेसेझिया ही बुरशी जवळपास सगळ्यांच्याच टाळूवर असते. ती त्वचेच्या तेलावर जगते, आणि त्यातून सुटणारी आम्ले काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. मग खाज सुटते आणि त्वचेचे पापुद्रे भराभर निघतात. अशा डोक्यावर रात्रभर तेल ठेवले की त्रास वाढतो. कण बारीक आणि सुके असतील, हातापायांची त्वचाही रुक्ष असेल, तर कोरडेपणाचा संशय घ्यावा. पिवळसर, चिकट कण आणि खाज असेल तर कोंडाच.

त्यासाठी केटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू मिळतो, पण तो लावून लगेच धुतला तर काम करायला वेळच मिळत नाही. टाळूवर 3 ते 5 मिनिटे राहू द्या, आठवड्यातून 2 वेळा, असे 2 ते 4 आठवडे. एकदाच वापरून ‘फरक नाही’ म्हणत बाटली बाजूला ठेवणे ही फार मोठी चूक आहे. तेल लावायचेच असेल तर धुण्याआधी केसांच्या लांबीला लावा. खोबरेल तेलाने धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी होते. कंडिशनरही टोकांकडेच, मुळांशी नको.

‘धुतले की केस गळतात’ म्हणून आठवडाभर डोके न धुणारेही आहेत. रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. चार दिवस धुतले नाही तर सुटलेले केस आतच अडकून राहतात आणि पाचव्या दिवशी एकदम हातात येतात. शाम्पूने ते उपटलेले नसतात.

गळती खरोखर वाढली असेल तर आजचा शाम्पू बदलण्याआधी 2-3 महिने मागे जाऊन पाहा. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, वजन घटवण्यासाठी केलेली उपासमार? अशा धक्क्याने बरेच केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि गळतात ते काही महिन्यांनी. कारण दूर झाले की ते सहसा परत येतात, आणि श्रेय मात्र त्या वेळी वापरात असलेल्या तेलाला मिळते! गळती लांबली तर लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. कमतरता नसेल तर त्यांचा फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही, शिवाय थायरॉइडच्या तपासणीचे आकडे त्यांच्यामुळे चुकू शकतात.

ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून टॉवेलने खसाखसा पुसू नका, गुंता रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून सोडवा. स्ट्रेटनर ओल्या केसांवर कधीच नको. रोज घट्ट पोनीटेल बांधत असाल तर कपाळाकडचे आणि कानशिलांवरचे केस विरळ होतायत का ते पाहा. सुरुवातीलाच सैल बांधले तर ते भरून येतात, वर्षानुवर्षे ओढ राहिली तर मूळच मरते.

काही बाबतींत घरी प्रयोग करू नयेत. नाण्याएवढे गुळगुळीत टक्कल, पू, दुखरी टाळू, किंवा लहान मुलाच्या डोक्यावर खवले आणि तुटके केस दिसले तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मुलांमधला हा प्रकार बहुधा गजकर्णाचा असतो. नुसता शाम्पू केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही, पोटातून औषध द्यावे लागते, आणि तोवर त्या मुलाचा कंगवा, टोपी, उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा.